सुभेदारांना काढायचं कलम

आमच्या घरात पुस्तकांआधी कामगारांच्या हक्कांची पत्रकं आली. वडील ती वाटायचे, मी घड्या घालायची. जे कबूल केलं ते लेखी द्या, ही ओळ बहुतेक पत्रकांत असायचीच. तिच्यावर वाढलेल्या मी सांगलीत हळद शिजवायच्या यंत्राचा स्टार्टअप काढला, आणि दोन वर्षं सल्लागाराशी एका ओळीचाही करार केला नाही.

सल्लागार म्हणजे रहिमतपूरचे निवृत्त सुभेदार. उभी नोकरी सैन्याची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. आमच्या बॉयलरचा सगळा आराखडा त्यांच्या वहीत होता. आता गुंतवणूकदार म्हणाला, त्यांच्या सहीचा करार आणा, नाहीतर विसरा.

करार मीच लिहिला. वकिलाच्या नमुन्यातली एक ओळ मात्र गाळली: महिन्याची नोटीस देऊन दोघांपैकी कोणालाही संबंध संपवता येईल. बापाच्या वयाच्या माणसाला हे कसं लिहून द्यायचं?

रहिमतपूरला त्यांच्या घरी, पुढच्या सोप्यात बसून मी करार त्यांच्या हाती दिला. ते चिडले तर वही मिटणार आणि आमचं यंत्रही. ते ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

"मला काढायचं कलम कुठं हाय?"

"आवं आबा, तुमाला कोण काढतंय?"

"फौजेत भरती होतानाच सुटायची अट लिवलेली असती, पोरी. उद्या माझ्या सल्ल्यानं बॉयलर फुटला, तर तवा बी आबा आबा करत बसशील व्हय?"

मला गेला हंगाम आठवला. तेव्हा त्यांनी वाफेचा दाब वाढवायला सांगितला होता. मला तो धोक्याचा वाटला होता. बॉयलरला खेटून पाच बायका हळद भरत होत्या, आणि मी आदरापोटी गप्प बसले होते. हक्कांच्या पत्रकांच्या घड्या घालणारी मी!

गाळलेली ओळ मी हाताने लिहिली. कागद पुढे सरकवला. त्यांनी पेन उघडलं, तेव्हा मात्र राहवलं नाही.

"आबा, गेल्या हंगामापासनं बॉयलरचा दाब लय हाय. कमी करायला पायजे."

पेन तसंच हवेत राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हंगामभर गप का बसलीस?"

त्यांनी वही ओढली, दाबाचा आकडा खोडला.

"किती पायजे, सांग."

मी आकडा सांगितला. तो लिहून झाल्यावरच त्यांनी करारावर सही केली.