हिराआजीचे धवले कोणी पुसले?

मंडळी, कॅसेट अदलाबदलीच्या आपल्या फळ्यावर मी आजवर एकही तक्रार लावलेली नाही. ही पहिली.

कोपरीच्या हिराआजीचे धवले ऐका, असं मी मागे इथेच लिहिलं होतं. आजी धवलारीण आहे, म्हणजे कोळ्यांच्या लग्नात विधींची गाणी म्हणणारी. वाद्य नाही, माईक नाही, नुसता गळा. शेजारच्या लग्नात मांडवात बसून मी ते टेप केले आणि कॅसेट तुमच्यात फिरवली.

आज ती परत आली. लावली, तर आत इंग्रजी गिटार! पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागचे प्लास्टिकचे तुकडे मी स्वतः मोडले होते. त्या खाचांवर कोणीतरी चिकटपट्टी लावली आहे. खाच झाकली की जुनं पुसून नवं टेप करता येतं. हे चुकून होत नाही.

गिटारशी माझं भांडण नाही. डोंबिवलीत गच्चीवर वाजवणाऱ्या पोरांच्या बँडची शिफारसही मीच केली होती. पण ते उद्या पुन्हा वाजवतील.

संध्याकाळी आजीकडे गेलो. पुन्हा गाशील का, विचारलं.

"लगीन नाय तं धवला नाय, पोरा. उगाच गाऊन हलद कोनाला लावू?" मग हसली. "ज्यानं पुसला त्याचंच लगीन कर ना. येते मी."

तर चिकटपट्टीवाल्या, तुझं ठरलंय का कुठे? नसेल तर कोणाचं ठरलंय, ते खाली लिहा. टेपरेकॉर्डर मी आणतो. कॅसेट मात्र आता कोणालाही मिळणार नाही. ऐकायचं तर मांडवात या.