नदाचा आहेर

जेवणाच्या टेबलावर आसामचा नकाशा पसरून मी सहलीचा तक्ता आखत होतो. ब्रह्मपुत्रेवर सात दिवस बोटीत राहायचं आणि बोट थांबेल तिथे उतरून जमेल तेवढं पाहून घ्यायचं. सकाळी चहाचे मळे, दुपारी रेशीम विणणारं गाव, मग टेकडीवरचं देऊळ. एक तासही मी मोकळा सोडला नव्हता.

बायको, सुनंदा, शेजारी बॅग भरत होती. तिने नारळ आणि खण आत ठेवलेला पाहून मी विचारलं, "हे कुणाला?"

"नदीची ओटी भरायला. आठवडाभर तिच्याकडे राहायचं, तर रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"अगं, तिकडे त्याला पुरुष मानतात. नदी नव्हे, नद."

तिने बॅगेत हात घातला. मग खण कपाटात परत गेला आणि टॉवेल-टोपी बाहेर आली. "तिथल्या एखाद्या नावाड्याला देऊ. त्याला दिलं की नदाला पोचलं."

मी पुन्हा नकाशाकडे पाहिलं. ती निळी रेघ हळूहळू रुंद होत गेली, धुक्यात पलीकडचा काठ दिसेना. पांढरी टोपी घातलेलं कुणी थोरलं माणूस ओसरीवर पाहुण्यांची वाट बघत बसावं, तसं ते पाणी वाटू लागलं. आणि माझ्या तक्त्यात सगळ्या शेजारपाजाराला वेळ दिलेला होता, त्यालाच तेवढा नव्हता.

खोडरबर घेऊन मी पहिली अख्खी दुपार पुसली आणि तिथे लिहिलं, 'यजमानांपाशी बसणे'.