अनुयाने गाळलेलं वाक्य

अनुया जपानी शिकली ती वर्गात नव्हे, एका रेल्वे स्टेशनात. लग्नानंतर नवरा सत्यजीत तिला जपानच्या हिनोसावा खोऱ्यात घेऊन गेला. रेल्वे कंपन्यांना सल्ला देणाऱ्या एका फर्ममध्ये त्याची नोकरी. तो दिवसभर बाहेर आणि घरात बोलायला चार भिंती. पनवेलच्या भरल्या घरात वाढलेली ही मुलगी एके दिवशी कंटाळून खालच्या स्टेशनावर जाऊन बसली.

स्टेशन कसलं, एक शेड. एकाच डब्याची डिझेल गाडी यायची. हात्सुए नावाची म्हातारी ती शेड रोज झाडायची, कुणी न सांगता. तिनेच अनुयाला भाषा शिकवली आणि शिकवायला तिच्याकडे विषय एकच, ही लाइन. तिच्या आजोबांनी बोगदा खणताना दोन बोटं गमावली. गाडीने आधी खाणीतलं तांबं वाहिलं, मग डोंगरातली लाकडं. युद्धात गावची पोरं नेली, त्यातली बरीचशी परत आणलीच नाहीत. पुढे खाण बंद पडली, तरणीताठी माणसं शहरात गेली. गाडीला उरली शाळेची मुलं आणि दवाखान्यात जाणारे म्हातारे.

लाइन चालवायची की नाही हे ठरवायला सत्यजीतने एका सोमवारी प्रवासी मोजले. आदल्या दिवशी, रविवारी, शाळेचे खेळ झाले होते, म्हणून त्याच्या बदली मुलांना सोमवारची सुट्टी होती.

"उद्या मोज ना, उद्या शाळा आहे," अनुया म्हणाली.

"सुट्टी आहे ते मला माहितीये," तो म्हणाला. "तू यात पडू नकोस."

लाइन बंद झाली. त्याच हिवाळ्यात हात्सुएच्या छातीत कफ दाटला. दवाखाना डोंगरापलीकडे, बस कधीमधी येणार. ती घरातच गेली.

"तू मारलंस तिला," अनुया सत्यजीतला म्हणाली.

त्याने तिचं परतीचं तिकीट काढलं आणि खारघरला आपल्या आईला कळवलं, की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. घटस्फोट झाला, पण ते वाक्य मागे राहिलं. बाजारात ओळखीच्या बायका तिच्याशी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागल्या. अनुयाने कुणाचीच समजूत काढली नाही. माहेरचं नाव लावलं, दुभाषी म्हणून कामं धरली आणि वाट पाहिली.

गेल्या वर्षी सत्यजीत भारतात परतला, तो 'गावाकडची रेल्वे जगवणारा माणूस' म्हणून. पनवेलला एका संस्थेने त्याचं भाषण ठेवलं. तिथल्या रुचिराला एखादा जपानी पाहुणा हवा होता. ती अनुयाला दुभाष्याची कामं द्यायची, म्हणून तिने तिलाच विचारलं. अनुयाने नाव सुचवलं हिनोसावा लाइनच्या शेवटच्या ड्रायव्हरचं, कितागावा यांचं. पूर्वीच्या नवऱ्याबद्दल ती रुचिराकडे एक अक्षर बोलली नाही. कितागावांना मात्र फोनवर सगळं सांगितलं.

स्टेजवर पाहुण्यांशेजारी दुभाषी म्हणून तिला पाहून सत्यजीत क्षणभर थबकला. पण हॉल भरलेला होता. त्याने माइक घेतला. "त्या खोऱ्यातली लाइन वाचावी म्हणून मी जिवाचं रान केलं."

अनुयाने ते जपानीत जसंच्या तसं सांगितलं. म्हातारे कितागावा हळू आवाजात काही बोलले. तिने ते मराठीत, अगदी मागच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "पाहुणे विचारतात, मग शाळेला सुट्टी होती तोच दिवस तुम्ही मोजायला का निवडलात?"

सत्यजीत तिच्याकडे झुकून पुटपुटला, "अनुया, लाज वाटते का? नीट भाषांतर कर."

तिने त्याचंही भाषांतर केलं. जपानीत पाहुण्यांसाठी, आणि मग तेच मराठीत माइकवर सगळ्यांसाठी.

"कंपनीला तसाच आकडा हवा होता," सत्यजीतच्या तोंडून निघून गेलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे लाइन यानंच बंद पाडली."

कितागावा पुन्हा बोलले. या वेळी जरा जास्त वेळ. ते म्हणाले, दोष या एकट्या माणसाचा नाही. आम्हीही मोटारी घेतल्या, रेल्वेत बसणं सोडलं. हात्सुएबाई असत्या तर त्यांनी यांनाही चहा दिला असता.

सगळे अनुयाकडे पाहत होते. सत्यजीतसुद्धा, आशेने. त्यालाही थोडंफार जपानी येत होतं, पण कितागावा बोलत होते ती खोऱ्यातली बोली तो कधी शिकलाच नव्हता.

"पाहुणे म्हणतात, त्यांना आणखी काही विचारायचं नाही," अनुया म्हणाली आणि माइक खाली ठेवला.

सत्यजीतला त्यानंतर इथे कुणी बोलावलं नाही. हातातलं एक मोठं कामही गेलं, असं अनुयाच्या कानावर आलं. त्या संध्याकाळी गाडीत बसताना कितागावांनी विचारलं, "माझं शेवटचं बोलणं सांगितलंत ना त्यांना?"

"नाही," अनुया म्हणाली.

त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. पुढे त्यांनी तिचा फोन कधी उचलला नाही. पाहुण्यांचं बोलणं गाळल्याचं रुचिराला कळलं तेव्हा तिनेही काम देणं बंद केलं. दुभाष्यानं वाक्य गाळायचं नसतं, हे अनुयाला कुणी सांगायची गरज नव्हती. पुन्हा तशी वेळ आली तरी ती ते वाक्य गाळेल, असं ती आजही सांगते.