एकवीस मोदक परत गेले

माझ्या पीएचडीचा विषय सतराव्या शतकातलं इंग्लंडमधलं यादवी युद्ध. राजाने कुणाला न विचारता स्कॉटलंडच्या माथी नवं प्रार्थनापुस्तक मारलं, तिथल्या चर्चमध्ये एका बाईने म्हणे स्टूलच भिरकावलं, आणि तिथून बिनसत बिनसत शेवटी राजाचं मुंडकं उडालं. माझं म्हणणं असं, की धर्म नुसतं निमित्त. खरं भांडण सत्तेचं. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात चार वर्षं मी हे ज्याला त्याला ऐकवत होतो. शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस एकच, काकू.

काकू म्हणजे इथल्या एका रिटायर्ड डॉक्टरांच्या बायको, मूळच्या नागपूरच्या. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो. खरं तर रविवार ते मंगळवार, कारण निघताना डबाही भरून द्यायच्या.

त्या वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाने मला सेक्रेटरी केलं. गणपतीसाठी हॉल दुपारी दोनपर्यंतच मिळाला होता, आणि आमच्या आरत्या एकदा सुरू झाल्या की थांबवणार कोण? म्हणून मी शहाण्याने नवं आरतीपुस्तक काढलं. सुटसुटीत, चार पानी. देवीची आरती उडवली. कुणाला विचारलं? छे! अहो, प्रार्थनापुस्तकावर दीडशे पानं लिहिलेला माणूस मी, डोक्यात जरा तरी प्रकाश पडायला नको?

गणपतीच्या दिवशी हॉलवर काकूंनी पुस्तक पुढून मागे, मागून पुढे चाळलं.

"देवीची कुठे आहे रे?"

"काकू, टाइमचा इश्यू आहे. या वर्षी स्किप केली."

काकूंनी स्टूल फेकलं नाही. नैवेद्याला आणलेले एकवीस उकडीचे मोदक उचलले, गाडीत ठेवले आणि सरळ घरी गेल्या. गणपतीला बिचाऱ्याला दुकानातले पेढे मिळाले.

पुढचे तीन रविवार फोन नाही, जेवण नाही. मी फ्रोजन बरिटो चावत कारण शोधत होतो, आणि थिअरी तर तयारच होती. मंडळाच्या निवडणुकीत काकू अध्यक्षपदाला थोडक्यात पडल्या होत्या. तोच राग! आरती नुसतं निमित्त.

चौथ्या रविवारी त्यांच्या दारात उभा राहिलो. "काकू, पुढच्या वर्षी अध्यक्ष तुम्हीच. मी सगळ्यांशी बोलतो."

"खुर्चीसाठी रुसले वाटलं तुला?" काकू कडाडल्या. "अरे, मंडळ नव्हतं तेव्हा आम्ही तीन बायका माझ्या किचनमध्ये आरत्या म्हणायचो. देवीची मला आईने शिकवलेली. आई गेली तेव्हा नागपूरला जाता आलं नाही मला. इथे सिंकपाशी उभी राहून तीच म्हटली, एकटीने. आणि तू म्हणे स्किप केली!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं या माउलीच्या हातचं खाल्लं, आणि चार वर्षं फक्त मीच बोलत होतो. "चुकलो, काकू," म्हणालो. पुस्तक पुन्हा छापायचं कबूल केलं.

काकूंनी डोळे पुसले आणि ताट वाढलं. वरणभातावर तूप घालता घालता त्यांचा हात थांबला.

"आणि ते अध्यक्षपदाचं," त्या म्हणाल्या, "नुसतं बोलू नकोस, आजच फोन लाव सगळ्यांना. मागच्या वेळी अगदी थोडक्यात गेलंय माझं."

घरी जाऊन मी थिसिसमधलं 'नुसतं निमित्त' खोडलं आणि दीडशे पानं पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली.