गोल सह्यांचं पत्र

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी भाजीचा भाव चुकीचा सांगितला तरी कळतं. तुम्हाला सांगतोय, कारण आपण असं का वागलो याचं मला अजून नवल वाटतं.

इंदूरच्या एका प्रायव्हेट फार्मसी कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो. कॉलेज आधी बरं होतं. मग ॲडमिशन वाढत गेल्या आणि लॅबमधल्या बाटल्या रिकाम्या होत गेल्या. मुलं प्रयोग न करताच जर्नल उतरवायची, आम्ही सही ठोकायचो, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना पोहे-जिलेबी खाऊ घालून भरघोस मार्क मंजूर करून घ्यायचो. हीच मुलं उद्या औषधं देणार — तुम्हाला, मला! स्टाफरूममध्ये सगळे धुसफुसायचे. पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

मेघा शिंदेंनी बांधली. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण हिमतीने मोठी बाई. 'प्रयोग झाल्याशिवाय मार्क देणार नाही' असं मालकांना द्यायचं पत्र त्यांनी टाइप केलं. पहिली सही कोणाची, इथे घोडं अडलं. पहिला तोच म्होरक्या ठरणार ना! युक्तीही मेघा मॅडमनीच काढली. कागदावर बशी पालथी ठेवून पेन्सिलीने गोल काढला आणि आम्ही नऊ जणांनी त्या गोलावर सह्या केल्या. मेघा मॅडम ज्यांना दरवर्षी राखी बांधायच्या त्या तिवारींनी दोनदा पेन खाली ठेवलं, तरी शेवटी केली. कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं.

दोन दिवसांनी मालकांनी मला एकट्याला बोलावलं. दम दिला असेल, असं वाटलं ना तुम्हाला? नाही हो. चहा मागवला, मुलीच्या बारावीची चौकशी केली. मग ते पत्र फिरवून फिरवून बघत हसले, "क्या भिया, घड़ी बना दी आप लोगों ने!" नाव विचारलंच नाही. आणि मी — न विचारता — सांगून टाकलं की कल्पना मेघा मॅडमची, पण त्या मनाने फार चांगल्या आहेत.

का? भीती म्हणावी तर त्या क्षणी भीती वाटल्याचं आठवत नाही. समोरचा माणूस गोड बोलत होता आणि मला त्याला काहीतरी द्यावंसं वाटलं — एवढंच सापडतं. 'मनाने चांगल्या' हे तरी कशाला जोडलं?

पुढच्या सत्रापासून गरज नाही, असं मेघा मॅडमना कळवण्यात आलं. न झालेल्या प्रयोगांवर आम्ही पुन्हा सह्या करू लागलो. सगळ्यांत आधी मी.

इथपर्यंत सांगणं तसं सोपं आहे. शेवटच्या दिवशी त्या लॅबमध्ये ॲप्रन घडी करत होत्या. म्हणाल्या, "सर, सच्ची सांगा, बोललं कोण असेल? मला बाकी काही नाही, बस मालूम पडलं पाहिजे." मी ॲप्रनच्या घड्या बघत होतो. आणि म्हणालो — "तिवारी असेल."

त्यांनी ॲप्रन पुन्हा उलगडून पुन्हा घडी केली.

त्या वर्षी राखीला तिवारी पेढ्यांचा डबा घेऊन मेघा मॅडमच्या घरी, बड़ा गणपती भागात गेले. आतून कडी होती, ती निघाली नाही. दुसऱ्या दिवशी तोच डबा घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. "सरजी, मैंने ऐसा क्या कर दिया? आपको कुछ बोलीं वो?"

मला लाज वाटली, खूप वाटली. मी "पता नहीं" म्हणालो आणि डब्यातला एक पेढा उचलून खाल्ला.