पलंगाखालचा कुकर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही अब्रू आहे.

आमच्या मुरुडात मतदानाला आठेक दिवस राहिले होते. एका उमेदवाराचा माणूस दारात आला आणि नवाकोरा कुकर ठेवून म्हणाला, "गुरुजी, ध्यान राहू द्या." वर्गात मी हजारदा सांगितलं असेल की मत विकायचं नसतं. तेव्हा मात्र तोंडातून एवढंच निघालं, "कशाला उगं..." आणि हात पुढं झाला. समद्या गल्लीनं घेतला होता, आपण एकट्यानं शहाणपणा कशाला करायचा, अशी मनाची समजूत घातली. बायकोनं त्या खोक्याकडं पाहिलं आणि ती न बोलता आत निघून गेली. मी खोकं आईच्या पलंगाखाली सरकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात सरकारी जीप थांबली. एक मॅडम, एक कारकून, एक पोलीस आणि कॅमेरा घेतलेला एक माणूस उतरला. म्हटलं, कुकरासाठीच आले. पेन्शन गेली, नाव गेलं, पेपरात फोटो येणार. आता विद्यार्थ्यांना तोंड कसं दाखवायचं?

मॅडमनं कागद बघत विचारलं, "घरातच आहे ना?"

लपवून काय फायदा? म्हटलं, "हाव मॅडम. आत हाय, पलंगाखाली."

मॅडमनं मान वर केली. "पलंगाखाली? का?"

"कुणाला दिसू नये म्हणून."

"कधीपासून?"

"परवापासून."

"आणि तेव्हापासून बाहेर काढलंच नाही?"

"एकदाबी न्हाई. खोक्यातच हाय, शपथ."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पोलीस मला बाजूला सारून आत पळाला, त्याच्या मागं कॅमेरा, कॅमेऱ्यामागं आम्ही सगळे.

आत माझी सत्त्याऐंशी वर्षांची आई धुतलेलं लुगडं नेसून, चष्मा लावून पलंगावर बसली होती. पोलिसाला बघून म्हणाली, "लई उशीर केलाव बाबा. सकाळधरनं वाट बघून राहिले."

मॅडम भिंतीला टेकल्या. मग त्यांनी समजावलं की विचारणा आईबद्दलच होती, पंच्याऐंशीच्या वरच्या मतदारांचं मत घरी येऊन घेतात. आईनं फॉर्म भरला होता, आजची तारीखही तिला कळवली होती. "सर," त्या म्हणाल्या, "मग पलंगाखाली काय आहे?"

आता माघार कुठली? वाकून खोकं ओढलं आणि कॅमेऱ्यासमोर सगळं सांगून टाकलं. कुणी दिला, काय म्हणाला, मी कसा घेतला. गंमत बघा, सांगता सांगता छातीवरचा धोंडा उतरल्यागत वाटून राहिलं.

आधी आईचं मत झालं. पुठ्ठ्याचा आडोसा लावला आणि आम्हाला बाहेर काढलं. तिनं खूण कुठं केली ते अजून कुणाला ठाऊक नाही. मग मॅडमनी फोन केला, भरारी पथक आलं. माझा जबाब झाला, पंचनामा झाला आणि कुकर गेला. पथकाचे साहेब म्हणाले, "घेणाऱ्यावरबी केस होते, गुरुजी. तुम्ही आपणहून सांगितलं ते बरं केलं. पुन्हा घेऊ नका." मी शाळेतल्या पोरागत मान हलवली.

त्या दुपारी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. बायको माझ्याशी बोलली, भाकरीबी तिनंच वाढली. संध्याकाळी तो कुकरवाला माणूस समोरून गेला. माझ्याकडं बघून त्यानं मान फिरवली. मी काही फिरवली नाही.

फक्त एक गोष्ट मनाला लागली होती. आईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "आई, घरी मत घ्यायला येणार हे बायकोला ठाऊक, शेजारणीला ठाऊक. मला एकट्यालाच का नाही सांगितलं?"

आईनं चष्मा काढून पुसला.

"तुला सांगून काय करू? त्या बाईनं 'घरात हाय का' एवढं इचारलं, तर तू समदं ओकलास. तुझ्या पोटात काय ऱ्हातंय का?"