स्कॉटलंडची म्हातारी आणि आमची अक्का

बायकोनं चाळीस वर्षं संसार केला माझ्याशी, तिला हे सांगितलं नाही. मुलांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू — मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही.

एका इंग्रजी कादंबरीपासून सुरू होतं हे सगळं. हसू नका. तीस सालानंतरची गोष्ट, सोलापुरातली. मी तिथल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. मूळ गाव मंद्रूप, कुणब्याचं पोर, पण बी.ए. झालेलं — आणि त्याचा ताठा किती म्हणाल! मॅट्रिकच्या पोरानं स्पेलिंग चुकवलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. लाल शाईची दौत मी शाळेत एक ठेवायचो, घरी एक.

घरी अक्का होती. माझी थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला, म्हणून माहेरी परत आली. पुढं दोन पावसाळ्यांत आई-वडीलही गेले. मग मी आणि ती. लोकांच्या रानात तण भांगलायला जाऊन तिनं मला शिकवलं. मला नोकरी लागली तशी मी तिला सोलापुरात आणलं. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, भिंतीपलीकडं तेलुगू विणकऱ्यांचे हातमाग, दिवसभर खटक-खट, खटक-खट. मला वैताग यायचा. ती म्हणायची, घर भरल्यावानी वाटतंय.

आता पहिली गोष्ट सांगतो, ही त्यातल्या त्यात सोपी आहे. शाळेत मी कुणालाच सांगितलं नव्हतं की माझ्या घरी बहीण आहे. एकटाच राहतो, म्हणून सांगून ठेवलं होतं. का? लाज वाटायची. तिची नव्हे, तिच्या बोलण्याची — असं मी मनाला समजावायचो. माणूस वेगळं आणि त्याचं बोलणं वेगळं, असं असतं का कुठं?

आमच्या शाळेत पाच-सहा मास्तरांचं वाचनमंडळ होतं. दर महिन्याला एकाच्या घरी बैठक. ज्याच्या घरी बैठक, त्यानं एखाद्या इंग्रजी लेखकावर निबंध वाचायचा आणि वर चहा पाजायचा, असा रिवाज. हेडमास्तर पुण्याकडचे, मोठे विद्वान आणि सुधारक. चहा कुणाच्याही हातचा घ्यायचे आणि घेतला हे चारचौघांत सांगायचे. त्यांच्यापुढं माझी जीभ आधी घडी घालून मग बाहेर पडायची. मी दोनदा पाळी चुकवली. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या हातात एक जाड पुस्तकच ठेवलं. गिरणीच्या विणाई खात्यात एक स्कॉटलंडचा साहेब होता, त्यानं दिलेलं. लेखकही तिकडचाच — आपल्या खेड्याच्या बोलीत कादंबऱ्या लिहिणारा. ह्या गृहस्थाशी आमची ओळख करून द्या, हेडमास्तर म्हणाले.

घरी येऊन पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर तेरा चुका! शब्दांची शेपटं तोडलेली, मधली अक्षरं गायब, क्रियापदांचा तर पार बट्ट्याबोळ. मला वाटलं, गरीब छापखाना असेल. मी काय करावं? लाल शाईची दौत ओढली आणि दहा पानं तपासली. होय, हेडमास्तरांचं पुस्तक! अकराव्या पानावर हात थांबला. चुकणारी माणसं रोज नव्या तऱ्हेनं चुकतात, पाच वर्षांच्या मास्तरकीत मी एवढंच खात्रीनं शिकलो — आणि हा पठ्ठ्या एकच चूक शंभर वेळा, अगदी नेमानं करत होता. म्हणजे ती चूक नव्हती. ती माणसं तशीच बोलत होती. पुढचे दोन दिवस मी दाढीच्या पात्यानं ती लाल शाई खरवडत बसलो. पानं पापडासारखी झाली.

पुस्तकाच्या शेवटी अवघड शब्दांची यादी होती. तिच्यात बोट घालून वाचायला गेलो. एक ओळ वाचायची, मागं जायचं, शब्द बघायचा, परत यायचं, तोवर ओळ हरवायची. बैठक आठ दिवसांवर आली आणि मी तिसऱ्या पानावर! शेवटी चिडून मोठ्यानं वाचायला लागलो, नुसतंच, अर्थ सोडून दिला. अक्का चुलीपाशी भाकरी थापत होती. एकदम हात थांबवून म्हणाली, "काय रं बाळ्या, कुनाची बाई भांडाय लागलीया?"

मी चमकलो. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. पण तो उतारा भांडणाचाच होता! एका म्हातारीचा तवा शेजारणीनं नेलेला, परत दिलेला नाही, आणि म्हातारी तिच्या दारात उभी राहून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. मी पुन्हा वाचलं, ह्या वेळी भांडल्यासारखं. आणि काय सांगू तुम्हाला — शब्द उलगडायला लागले. डोळ्यांना जे दगड वाटत होते ते तोंडात विरघळले. तुमच्यावर कधी असला लेखक वाचायची वेळ आली तर माझं ऐका. मागची यादी उघडू नका. डोळ्यांनी वाचू नका. वीस पानं मोठ्यानं वाचा, समजो न समजो, आणि घरात कुणी ऐकायला असेल तर फारच उत्तम.

मग रोज संध्याकाळी हाच उद्योग. मी वाचायचो, मग माझ्या पुस्तकी मराठीत अर्थ सांगायचो, आणि अक्का कपाळाला हात लावायची. असं कोन बोलतंय रं, म्हणायची, आणि तेच पुन्हा आपल्या पद्धतीनं बोलून दाखवायची. मी टिपून घ्यायचो. "माझा तवा काय तुझ्या बानं आंदन दिला व्हता व्हय गं?" — हे तिचं. मूळ पुस्तकात ह्याच्या अर्धंही तिखट नाही, शपथ! हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. म्हातारी हितं मंद्रुपातच ऱ्हातीया की, म्हणायची. त्या आठ दिवसांत मी जितका सुखी होतो तितका पुढं कधी झालो नाही. संसार झाला, मुलं झाली, पेन्शन मिळाली. पण तसं नाही.

रविवारी दुपारी मंडळ जमलं. अक्काला मी सांगितलं होतं, बाहेर येऊ नकोस, चहा दाराशी ठेव. तिनं का म्हणून विचारलं नाही. मी निबंध वाचला, आणि शेवटी ते तव्याचं भांडण मराठीतून वाचलं — अक्काच्या मराठीतून. काय सांगू! भूगोलाचे मास्तर जाजमावर आडवे झाले हसून. हेडमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, हे भाषांतर छापलं पाहिजे. आणि मग विचारलं, ही अस्सल बोली तुम्हाला कुठं सापडली?

मधल्या दाराला नुसता पडदा होता. पडद्याखाली मला अक्काची पावलं दिसत होती.

सांगायला काय लागत होतं? माझ्या बहिणीची आहे ती. चार शब्द. ते लोक तिचं कौतुकच करत होते की! पण मग मीही तसाच बोलणारा ठरलो असतो. बोली ऐकायला गोड, आणि घरात असली की... बोललो मी. म्हणालो, "घरी एक मोलकरीण आहे, मंद्रूपकडची. तिच्या तोंडून टिपून घेतलं."

हेडमास्तर खूष झाले. बोलवा, बोलवा, ऐकू द्या आम्हालाही. मी पडद्याकडं पाहिलं. आता ती येणार, मला बाळ्या म्हणणार, आणि सगळं उघडं पडणार.

पडदा सरला. डोईवरचा पदर पुढं ओढून अक्का आली, चहाचं ताट घेऊन. सगळ्यांपुढं कप ठेवले. माझ्यापुढं ठेवला. भिंतीला लागून उभी राहिली आणि म्हणाली, "काय पायजे, मास्तर?"

हेडमास्तरांनी विचारलं, किती वर्षं काम करतेस बाई ह्यांच्याकडे? लई वर्सं झाली, ती म्हणाली. ह्यास्नी मीच लहानाचं मोटं केलं. सगळे म्हणाले, वा, जुनं माणूस! मी चहा प्यायलो. गरम होता, तरी सगळा प्यायलो.

ते गेल्यावर वाटलं, ती बोलेल, शिव्या देईल. त्या म्हातारीसारखी माझ्या सात पिढ्या काढेल — तिच्याही त्याच होत्या म्हणा. तिनं कप विसळले. मग विचारलं, "मास्तर, जेवाय वाढू?"

तेव्हापासून मी मास्तर. अहो-जाहो. नावानं हाक नाही, अरे-तुरे नाही. रागानंही नाही हो! रागावली असती तर मी पाय धरले असते. एकदा धीर करून म्हणालो, अक्का, मला पहिल्यासारखी हाक मार की. ती हसली. "आता तोंडाला हेच बसलंय, मास्तर," म्हणाली. आणि बोलणंच कमी झालं तिचं. मी मोठ्यानं वाचायला घेतलं की काहीतरी काम काढून अंगणात जायची. भाषांतर छापून निघालं. प्रस्तावनेत मी 'एका मोलकरणीचे आभार' मानले. तिला वाचता येत नव्हतं. पण शेजारच्या पोरीला येत होतं.

तरी इथपर्यंतचं मी कदाचित कुणाला तरी सांगितलं असतं. माणूस घाबरतं, चुकतं. चार मोठ्या लोकांपुढं जीभ घसरली म्हणता येतं. मला सांगायचं ते पुढंच आहे.

दोन वर्षांनी तिला विषमज्वर झाला. सरकारी दवाखान्यात घातलं. नर्सनं कागद भरताना मला विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण? वॉर्डात मला ओळखणारं एक माणूस नव्हतं, हेडमास्तर नव्हते की मंडळ नव्हतं. नर्स कुठल्या परगावची, तिला माझ्या बोलीशी काय देणंघेणं? मी बोलायच्या आत खाटेवरून अक्का म्हणाली, "ते मास्तर हायेत. मी त्यांच्याकडं कामाला हाय."

नर्सनं माझ्याकडं पाहिलं. अक्कानंही पाहिलं. तेव्हा मला वाटलं, तिनं मला सोडवलं. आज वाटतं, ती वाट बघत होती. अजून कधी बाजारात एखादी बाई आपल्या पोराला 'अरं बाळ्या' म्हणते आणि मी, सत्तरीचा म्हातारा, वळून बघतो. त्या दिवशी मी एक शब्द बोललो असतो तर ती हाक मला पुन्हा मिळाली असती, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मी मान हलवली. होय म्हणून. नर्सनं लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी पहाटे अक्का गेली. मी पोचलो तेव्हा खाटेवर चादर ओढलेली होती. दवाखान्याच्या कारकुनानं कागद बघितला आणि म्हणाला, तुम्ही मालक ना? प्रेत तुमच्या ताब्यात देता येणार नाही, हिचं रक्ताचं कुणी असेल त्याला बोलवा. तेव्हाही मी बोललो नाही. मंद्रूपला निरोप धाडला आणि बाहेर पायरीवर बसून राहिलो. तिसऱ्या प्रहरी आमचा चुलतभाऊ आला, त्याला बिचाऱ्याला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं सही केली. नात्यापुढं त्यानं 'भाऊ' असं लिहिलं, आणि मी शेजारी उभा होतो.